मास्तरांची वही आणि शिजलेले बटाटे

१

बुधवारी सकाळी राजबंद्यांच्या बराकीत चारऐवजी तीनच वह्या निघाल्या, आणि तुरुंगाच्या अधीक्षकांनी कारकुनाकडे असे पाहिले, जणू चौथी त्यानेच गिळली होती.

"पुन्हा मोजा."

कारकुनाने पुन्हा मोजल्या. तीन वह्या दोनदा मोजल्या तरी तीनच भरतात हे त्याला ठाऊक होते. पण एकवीस वर्षे नोकरी केलेला माणूस साहेबांना अंकगणित शिकवायला जात नाही.

"तीन, साहेब."

"कोणाची नाही?"

"मास्तरांची."

मास्तर आपल्या खाटेवर पाठ ताठ ठेवून बसले होते. ते शाळेत भूगोल शिकवायचे. सरकारने जाहीर केलेले धरण वर्गातल्या नकाशावर काढायचा हुकूम आला, तेव्हा "बांधून झालं की काढीन," असे ते म्हणाले आणि सात वर्षांसाठी त्यांच्या राहण्याची सोय झाली. त्यातली तीन संपली होती. या तीन वर्षांत त्यांनी रोजनिशी एक दिवसही चुकवली नव्हती.

"वही कुठे आहे?" अधीक्षकांनी विचारले.

"नाही."

"नाही म्हणजे काय?"

"म्हणजे होती. आता नाही."

राजबंद्यांना रोजनिशी लिहायची मुभा होती, पण वही सरकारी. जाड पुठ्ठ्याची, एकशे ब्याण्णव पानांची, पानापानावर छापील क्रमांक असलेली. कैद्याचे नाव तेवढे पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलेल्या चिठ्ठीवर. दर शनिवारी सगळ्या वह्या कारकुनाकडे यायच्या. त्याने त्या वाचायच्या, नियमात न बसणाऱ्या ओळी काळ्या शाईने बुजवायच्या आणि सोमवारी त्या चिठ्ठीवर शिक्का मारून परत करायच्या. बराकीत त्याचे नाव 'शाईवाले' पडले होते. उजव्या अंगठ्यावरचा काळा डाग साबणाने जात नसे. त्याने प्रयत्न करणेही सोडले होते.

बुधवारची मोजणी वरून आलेल्या आदेशानुसार होती. वह्या अचानक मोजाव्यात, असे आदेशात म्हटले होते. सगळे हजर असावेत म्हणून या अचानक मोजणीची घंटा अर्धा तास आधी वाजवण्यात आली होती.

शिपायांनी गाद्या उलट्या केल्या, उशा चाचपल्या, बटाट्यांचे पोते रिकामे करून परत भरले. सोमवारपासून आवाराबाहेर कोणी गेले नव्हते. वही मात्र नव्हती.

"निदान ज्या आहेत त्यांवर शिक्के मारा," अधीक्षक वैतागून म्हणाले.

कारकुनाने पैलवानाची वही उघडून पाहिली आणि 'तपासले' असा शिक्का मारला. कवींची उघडली, लगेच मिटली आणि तोच शिक्का मारला. वकिलांच्या वहीवर त्याने नेहमीसारखा 'कोरी' हा शिक्का मारला. तो अर्धाच उमटला, म्हणून पुन्हा दाबून मारला.

"शुक्रवारी दुपारी बारा," अधीक्षक जाता जाता म्हणाले. "तोवर त्या वहीचा छडा लागला नाही, तर या बराकीत लिहिणं बंद. सगळ्यांचं. आणि लिहिणंच नसेल तर वाचायला माणूस कशाला ठेवू मी? तुम्ही सामानाच्या कोठीवर जाल. बटाटे निवडायला."

बटाट्यांचे कारकुनाला काही नव्हते. पण त्याचे शनिवार जाणार होते.

२

पैलवानाने आयुष्यात एकही कुस्ती खेळलेली नव्हती. तो गोदीतल्या कामगारांचा पुढारी. नाव अंगापिंडावरून पडलेले. राजबंद्यांना आपले जेवण आपण रांधायची सवलत होती आणि बराकीची चूल त्याच्याकडे होती.

"या शाईवाले, बसा. जेवून जा."

"कामासाठी आलोय."

"काम काय पळून जातंय? वहीसारखं?"

कारकुनाने हसू आवरले. "मास्तर तुमच्या स्वयंपाकाबद्दल लिहायचे, ते तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत? अहो, ते बाहेर चकरा मारायला गेले की आम्ही सगळे आळीपाळीने वाचायचो. 'सोमवार. बटाटे कच्चे. मंगळवार. बटाटे कच्चे, पण मीठ होतं.' दहा महिने हेच. आणि तुम्ही ते खोडायचात, तर आणखी चीड यायची. लोकांना वाटेल काय लिहिलं होतं कोण जाणे!"

"खोडावं लागतं. बटाटे कच्चे म्हणजे सरपण ओलं, आणि सरपण सरकारी."

"मग माझी बाजू कोण मांडणार? ओल्या लाकडावर तुमच्या साहेबांना शिजवून दाखवायला सांगा एखादा बटाटा!"

बोलता बोलता त्याने थाळीत बटाटे वाढले. कारकुनाने भिडेखातर एक फोड तोंडात टाकली आणि थांबला. फोड जिभेवर विरघळली होती.

"आज मस्त शिजलेत," तो म्हणाला.

"कधी कधी लागतो हात," पैलवान म्हणाला आणि चुलीकडे वळला.

कवी खिडकीपाशी उभे होते. त्यांच्या एका कवितेतला गाढव हा प्राणी कोणालातरी स्वतःसारखा वाटला होता, म्हणून ते आत होते.

"तुम्ही माझ्यावर संशय घेताय?" त्यांनी आशेने विचारले.

"विचारतोय नुसतं. मास्तरांनी लिहिलं होतं, 'कवींनी आज तीन कविता वाचल्या. तिसरी सर्वांत चांगली, कारण मध्येच जेवणाची घंटा झाली.'"

"हेतू आहे ना मग माझ्याकडे! सबळ हेतू आहे! लिहून घ्या. मी अपमानाने पेटलो होतो."

"वही तुम्ही घेतली?"

"नाही. पण सुचायला हवं होतं." ते खिन्न झाले. "आज सकाळी मी कुठे होतो विचारा."

"कुठे होतात?"

"नळावर. घंटा झाली तेव्हा डोक्याला साबण होता. त्यावर आठ ओळी झाल्यात. ऐकणार?"

कारकून घाईने वकिलांकडे वळला.

वकील शुक्रवारी सुटणार होते. संपकऱ्यांचे वकीलपत्र घेतल्याबद्दल अठरा महिने. त्यांचे गाठोडे बांधायचे चालले होते: दोन सदरे, चष्म्याचे घर, पंचा आणि ती वही. लिखाण असलेली वही सुटकेच्या वेळी दफ्तराच्या कोठीत जमा व्हायची. कोऱ्या वहीत सरकारला रस नव्हता. ती न्यायला परवानगी होती.

"तुम्ही अठरा महिन्यांत एक अक्षर लिहिलं नाहीत," कारकून म्हणाला. त्यात थोडी तक्रार होती.

"लेखी काही द्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी बायकोलाही कधी पत्र लिहिलं नाही. समक्ष जाऊन भांडतो." वकिलांनी चष्मा पुसला. "बरं, शुक्रवारी फाटकावर वहीला नवा शिक्का लागेल, का कालपरवाचा चालतो?"

"त्याच आठवड्याचा असला की झालं. आज मारलाय तो चालेल."

"उत्तम," वकील म्हणाले. "तुमचा त्रास वाचला."

सर्वांत शेवटी मास्तर. ते थाळी पुढे करून पैलवानाकडून दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेत होते.

"मास्तर, तुम्हाला कोणाचा संशय येतो?"

"कोणाचाच नाही."

"कमाल करता! दहा महिन्यांचं लिखाण गेलं आणि तुम्ही..."

"त्याच्या आधीच्या दोन वह्या भरल्यावर कोठीत जमा झाल्या. त्यांचं काय झालं, तुम्हीच सांगितलंत मला."

कारकुनाने मान खाली घातली. महिन्यापूर्वी तो दफ्तराच्या कोठीत एक फाइल ठेवायला गेला होता. मास्तरांच्या दोन्ही वह्या त्याने प्रेमाने उचलायला घेतल्या, तर हाताला माती लागली. वाळवीने पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळे वाचून टाकले होते. सांगायची गरज नव्हती, पण त्याला राहवले नव्हते.

"ही वही भरायला किती पानं राहिली होती?"

"चार," मास्तर म्हणाले आणि बटाटा तोंडात टाकला.

३

कारकुनाची बायको घरी शिवणकाम करायची. दर शनिवारी संध्याकाळी ती मशीनवर बसायची आणि तो समोरच्या स्टुलावर बसून वह्यांमधल्या हकिकती सांगायचा. हे नियमाविरुद्ध होते. पण नियम करणाऱ्यांनी लग्न केले असते तर तो नियम केला नसता, असे त्याचे मत होते.

"मास्तरांची वही गेली?" त्या बुधवारी संध्याकाळी मशीन थांबले. "अहो, मग त्यांचा दात काढला की नाही, ते कळणार कसं मला?"

"इथे माझी नोकरी चाललीय आणि तुला दाताचं पडलंय."

"तीन आठवडे दुखत होता तो. आणि नोकरी चाललीय कुठे? बटाटे निवडाल. घरी तेवढं तरी करता का?"

त्याने तिला सगळे सांगितले. कोण काय म्हणाले, कोण कुठे उभे होते, कोणाची थाळी कोणाच्या हातात होती. तिला अर्धवट गोष्ट चालत नसे.

"पैलवानाने," ती म्हणाली. "चुलीत घातली त्याने."

"कशावरून?"

"दहा महिने ओल्या लाकडावर बटाटे कच्चे. आणि नेमकी वही गेली त्या दिवशी ते लोण्यासारखे? सुका कागद मिळाला की विस्तव धरतो. बाईमाणसाला विचारलं असतं तर सकाळीच सांगितलं असतं."

कारकुनाला ते आपल्याला सुचले नाही याचा राग आला, म्हणून त्याने तिच्या तर्कात खोट काढली. "पण मग मास्तर का नाही बोलत? वही त्यांची."

"ते मला विचारू नका. ज्याची वही गेली तो माणूस दोनदा वाढून घेतो, हेच मला पटत नाही." तिने दोरा दाताने तोडला. "दात काढला असणार मात्र."

४

गुरुवारी सकाळी कारकून बराकीमागच्या राखेच्या ढिगाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. शिपाई लांबून पाहत होते. साहेबांनी याला कोठीवर टाकायच्या आधीच याने सराव सुरू केला, असे एकजण म्हणाला.

थोड्याच वेळात त्याच्या बोटांना काहीतरी कठीण लागले. जाड पुठ्ठा, कडेने जळालेला. त्यावर अर्धी करपलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात मास्तरांचे नाव.

तो तसाच पुठ्ठा हातात घेऊन चुलीपाशी गेला. पैलवानाने पुठ्ठ्याकडे पाहिले, कारकुनाच्या काळ्या हातांकडे पाहिले आणि पळी खाली ठेवली.

"मीच जाळली."

"का?"

"बटाटे."

"मास्तरांना माहीत आहे?"

"त्यांना काही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. मला एकट्याला काय ती शिक्षा द्या." एवढा मोठा माणूस, पण बोलताना एकदाही कारकुनाच्या डोळ्यांत बघेना. त्याने सभांमध्ये हजारो माणसांसमोर भाषणे केली होती. खोटे बोलायची सवय मात्र नव्हती.

कारकून परत ढिगाऱ्याकडे आला. दहा महिन्यांची पाने या राखेत होती. त्यातला शब्द न् शब्द त्याने वाचला होता. मास्तरांचा दात, कवींची घंटा, छतातल्या पाकोळ्यांचे भांडण, मुलीचे पत्र आले नाही तो आठवडा. बराकीबाहेर हे दोघांनाच ठाऊक होते, आणि त्यातली एक घरी मशीनवर होती.

मिटलेली वही कधी नीट जळत नाही. पाने एकमेकांना चिकटून राहतात आणि राखेचाच गठ्ठा होतो. तसा एक गठ्ठा ढिगाऱ्यात होता. त्याने खाली वाकून हलकेच फुंकर घातली. वरचे पान निघाले, त्याखालचे निघाले. करड्या पानावर छापील क्रमांक अजून वाचता येत होता. त्र्याऐंशी. पंच्याऐंशी. सत्त्याऐंशी.

आणि तिथे तो थांबला.

कचेरीतली जुनी कागदपत्रे दर वर्षी जाळली जायची, तेव्हा तो हजर असायचा. त्यांवरची खोडायची काळी शाई आगीलाही दाद देत नसे. पान जळून राख झाले तरी खोडलेल्या पट्ट्या त्यावर चकाकत राहत, भुंग्याच्या पाठीसारख्या. मास्तरांच्या वहीत असे एकही पान नव्हते, ज्यावर त्याने निदान दोन पट्ट्या ओढल्या नव्हत्या. हे काम त्याने मन लावून केले होते.

या पानांवर एकही पट्टी नव्हती. क्षणभर त्याला आपल्या कामाचा अपमान झाल्यासारखे वाटले. मग त्याच्या लक्षात आले आणि तो राखेतच बसला.

जळाली होती ती वही कोरी होती.

५

"कोरी?" बायकोने मशीनचे चाक हाताने धरून थांबवले. "पुठ्ठा मास्तरांचा आणि आत कोरी पानं?"

"पुठ्ठा सगळ्यांचा सारखाच असतो. चिठ्ठी मास्तरांची. चिठ्ठी काय, ओली केली की निघते, खळ लावली की बसते."

"मग कोऱ्या पानांची वही आली कुठून? तुम्हीच देता ना मोजून?"

"चारच दिल्यात. बराकीत पाचवी असणं शक्य नाही."

"मग चारांतली कोरी कोणाची?"

"वकिलांची. पण ती तर जागेवर आहे. काल माझ्या हातात होती. मी स्वतः तिच्यावर शिक्का मारला."

"अहो," बायको म्हणाली, "दर शनिवारी तुम्ही मला पैलवानाचं सांगता, कवींचं सांगता, मास्तरांचं सांगता. वकिलांच्या वहीतलं अठरा महिन्यांत काही सांगितलं नाहीत."

"तिच्यात काही नसतंच. सांगणार काय?"

"हे तुम्ही बघितलंय?"

कारकून स्टुलावर सरकून बसला.

"काल शिक्का मारलात म्हणता," ती म्हणाली. "उघडली होतीत का ती?"

६

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कारकुनाने मास्तर आणि वकील यांना आपल्या खोलीत बोलावले. वकिलांचे गाठोडे टेबलावर होते. कारकुनाने त्यातली वही काढून समोर ठेवली. उघडली नाही.

"वकीलसाहेब, पहिले दोन-तीन महिने मी तुमची वही उघडायचो. मग सोडून दिलं. कोऱ्या वहीत काय वाचायचं? उघडल्याशिवायच 'कोरी' म्हणून शिक्का मारायचो. हे तुम्हाला दोघांनाही माहीत होतं."

"तसा पुरावा आहे?" वकिलांनी विचारले.

"त्यांना बोलू द्या हो," मास्तर म्हणाले. वर्गात एखादा मागच्या बाकावरचा मुलगा अचानक बरोबर उत्तर देऊ लागला की मास्तर पुढे झुकतात, तसे ते झुकले होते.

"सोमवारी वह्या परत मिळाल्यावर तुम्ही चिठ्ठ्या बदलल्यात. मास्तरांच्या लिहिलेल्या वहीवर वकिलांची चिठ्ठी, वकिलांच्या कोऱ्या वहीवर मास्तरांची. शुक्रवारी वकील फाटकातून जाणार, बगलेत 'कोरी' असा शिक्का असलेली वही. शनिवारपर्यंत कोणाला पत्ता लागला नसता. पण बुधवारी मोजणीची घंटा झाली."

"त्या घंटेबद्दल सरकारचे आभार," वकील म्हणाले.

"अर्धा तास होता तुमच्या हातात. मास्तरांच्या नावाची वही उघडली गेली असती तर आत कोरी पानं दिसली असती, आणि सगळं उघडं पडलं असतं. त्यापेक्षा वही नसलेली बरी. म्हणून पैलवानांनी ती चुलीत घातली. कवी नळावर होते."

"त्यांना मुद्दामच सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. "त्यावर कविता झाली असती."

"वकिलांच्या वहीवर बुधवारी शिक्का अर्धाच उमटला. अठरा महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. कोरी वही सपाट असते. ही फुगलेली होती." कारकुनाने पुठ्ठ्यावर हात ठेवला. "माझ्याच शाईने फुगलेली. इतर वह्यांवर मला शिक्का नेहमी दोनदा मारावा लागतो, म्हणून हाताला काही वेगळं वाटलं नाही."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"शाब्बास," मास्तर हळूच म्हणाले.

"शाब्बास काय मास्तर! मी हे साहेबांना सांगितलं तर वही कोठीत, वाळवीच्या पुढ्यात. वकिलांची सुटका रद्द. नाही सांगितलं तर बारा वाजता तुमचं सगळ्यांचं लिहिणं बंद. अजून चार वर्षं आहेत तुमची. लिहिल्याशिवाय काय करणार आहात?"

मास्तरांच्या चेहऱ्यावरची शाळा पहिल्यांदाच सुटली. "तो हिशेब आम्ही केला नव्हता," ते म्हणाले. "एक वही मुलीपर्यंत पोहोचावी, एवढंच डोक्यात होतं. तिसरीही माती झालेली मला बघवली नसती."

तीन वर्षे छळणारा प्रश्न कारकुनाने विचारून टाकला.

"बाहेर कोणी ही वाचली, तर त्या काळ्या पट्ट्यांचं त्यांना काय वाटेल?"

"वाटेल, इथे काहीतरी फार भयंकर लिहिलेलं होतं," वकील म्हणाले.

"तिथे बटाटे आहेत," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला आणि अधीक्षक आत आले. बाराला अजून पाऊण तास होता, पण साहेबांना बटाट्यांच्या कोठीवर माणूस हवा होता आणि धीर निघत नव्हता.

"काय, लागला छडा?"

कारकून उभा राहिला. टेबलाच्या खणातून त्याने करपलेला पुठ्ठा काढून पुढे ठेवला.

"लागला, साहेब. मास्तरांच्या नावाची वही चुलीत जळाली. ही चिठ्ठी, माझ्याच अक्षरातली. पानांचे क्रमांक राखेत वाचता येतात. मी स्वतः पाहिलेत."

यातला शब्द न् शब्द खरा होता. वकिलांनी त्याच्याकडे, चांगला साक्षीदार भेटल्यावर बघतात तसे पाहिले.

"जाळली कोणी?" अधीक्षक कडाडले. "नाव सांगा. वर कळवतो."

"चुलीवर पैलवान असतात, साहेब. सरपण ओलं येतं. विस्तव धरेना, तेव्हा हाताला लागलं ते आत गेलं. चौकशीत तो जबाब द्यावा लागेल त्यांना. ओल्या सरपणाचा."

अधीक्षकांचा हात कपाळाकडे गेला. सरपणाच्या मागणीपत्रावर 'माल सुका आढळला' असे दर महिन्याला लिहून त्यांचीच सही होत होती.

"चौकशीची गरज दिसत नाही," ते म्हणाले. "अपघात लिहा. सरपणाचा उल्लेख नको. मास्तरांना नवी वही द्या. आणि त्या पैलवानाला महिनाभर चुलीपासून लांब ठेवा. दुसरं कोण आहे रांधायला?"

"कवी, साहेब."

"चालेल." ते जायला वळले आणि थांबले. टेबलावरची वही त्यांनी उचलली. वर खाली केली. "ही कोणाची?"

मास्तर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले.

"वकिलांच्या गाठोड्यातली, साहेब. ते आता सुटतायत."

"कोरी?"

"शिक्का आहे, साहेब."

अधीक्षकांनी शिक्का पाहिला. या तुरुंगात शिक्क्याच्या आत डोकावायची पद्धत नव्हती. त्यांनी वही गाठोड्यावर टाकली आणि बाहेर गेले.

पावणेबाराला वकील फाटकातून बाहेर पडले. फाटकावरच्या शिपायाने पुठ्ठा पाहिला आणि कडी काढली.

७

शनिवारी कारकुनाच्या टेबलावर तीन वह्या आल्या. पैलवानाने लिहिले होते की कवी कांदा कापताना रडतात आणि मग त्यावर लिहायला बसतात. तोवर खालचे करपते. कवींच्या वहीत करपण्यावर चौदा ओळी होत्या.

मास्तरांच्या नव्या वहीला अजून खळीचा वास होता. पहिल्याच पानावर शुक्रवारची नोंद होती. त्याने ती वाचली. खुर्ची खिडकीजवळ ओढून पुन्हा वाचली. मग जाड निबेचे पेन उचलले आणि बराच वेळ नुसतेच हातात धरून बसला. ही पाने महिनाअखेरीस साहेबांपुढे जात असत.

संध्याकाळी तो स्टुलावर येऊन बसला तेव्हा बायकोने हातातले काम बाजूला ठेवले होते.

"लिहिलंय का काही मास्तरांनी?"

"दात काढला."

"म्हटलं नव्हतं मी! आणखी?"

"आणखी माझ्याबद्दल आहे." कारकुनाने घसा साफ केला. ओळी त्याला तोंडपाठ झाल्या होत्या. "'तीन वर्षं मी या कारकुनाला मठ्ठ समजत आलो. हे माझ्या हातून चुकलं. मी इतकी वर्षं मुलं शिकवली, पण माझं लिहिलेलं इतकं नीट वाचणारा माणूस मला शाळेत भेटला नाही, तुरुंगात भेटला.'"

बायकोने पदराच्या टोकाने मशीनवरची नसलेली धूळ पुसली.

"मग? ठेवलंत ना ते?"

"कसं ठेवणार? कैद्याची आणि कर्मचाऱ्याची सलगी दिसेल असा मजकूर चालत नाही. साहेबांनी वाचलं तर लगेच म्हणतील, हा एवढा गोड का बोलतोय, वकिलाला परत बोलवा."

"म्हणजे खोडलंत?"

"खोडलं."

"सगळं?"

"सगळं कशाला?" कारकून म्हणाला. "मठ्ठ म्हटलंय तेवढं ठेवलं. त्यात सलगी नाही."